प्रौढांचा वर्ग कुठे भरावा?

प्रौढ साक्षरतेची चर्चा निघाली की बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारले जातात: किती लोक शिकले आणि किती दिवसांत शिकले. ते कुठे बसून शिकले, हा प्रश्न खोली, दिवा आणि सतरंजी यांच्या सोयीचा समजला जातो आणि व्यवस्था पाहणाऱ्याच्या यादीत ढकलून दिला जातो. गेली काही वर्षे मोठ्या माणसांना वाचायला, लिहायला आणि हिशेब मांडायला शिकवताना माझे मत याच्या उलट होत गेले आहे. वर्ग कुठे भरतो यावरून तिथे कोण येणार, कोण टिकणार, कोणत्या शब्दापासून सुरुवात होणार आणि चूक झाली तर कोण कोणाला हसणार, हे बरेचसे ठरते. अर्थात नुसती जागा बदलूनही भागत नाही. कारखान्याच्या जेवणघरात फळा टांगला, हजेरी घेतली आणि पहिलीचे पुस्तक उघडले, तर ती शाळाच झाली. फक्त तिला छप्पर वेगळे मिळाले.

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार जगात आजही ७० कोटींहून अधिक लोक प्रौढ वयात पोचूनही निरक्षर आहेत आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. या सगळ्यांना एकाच रकान्यात घातले जात असले, तरी वर्गात येणारी माणसे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही कधीच शाळेत गेलेली नसतात; काही गेलेली असतात, दोन-चार वर्षे बसलेली असतात आणि मग त्यांची शाळा सुटलेली किंवा सोडवलेली असते. पहिल्या प्रकारच्या माणसाला शाळेचे दडपण असते, पण त्यात थोडे अप्रूपही मिसळलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला शाळा चांगली ठाऊक असते, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसते. प्रौढांचे वर्ग प्राथमिक शाळेच्या इमारतीत संध्याकाळी भरवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, कारण इमारत त्या वेळी रिकामी असते आणि तिला भाडे पडत नाही. तिथले बाक सात वर्षांच्या मुलांच्या मापाचे असतात. पन्नाशीतला माणूस त्यावर बसला की त्याचे गुडघे वरच्या फळीला टेकतात आणि तो सगळा तास तिरका बसून काढतो. समोरच्या भिंतीवर ‘अ अननसाचा’ हा तक्ता असतो. सकाळी याच खोलीत त्याचे नातवंड बसलेले असते आणि तो तक्ता त्या नातवंडाला तोंडपाठ असतो. अशा खोलीत या माणसाने तोंड उघडावे आणि चार लोकांसमोर अक्षर चुकण्याची जोखीम घ्यावी, अशी आपली अपेक्षा असते.

ही अपेक्षा अवास्तव आहे हे ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत मला अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगतच्या जॉन्स आयलंड या बेटावरचे लोक फार महत्त्वाचे वाटतात. १९५०च्या दशकात तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि कृष्णवर्णीय रहिवाशांना मतपेटीपासून लांब ठेवण्याचे ते हुकमी साधन होते. ईसॉ जेन्किन्स हे गृहस्थ बेटावरून चार्ल्सटन शहरात कामाला जाणाऱ्या लोकांची आपल्या बसमधून ने-आण करत. त्यांनी त्या बसमध्येच प्रवाशांना घटनेतला मजकूर वाचून दाखवायला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. रोजचा ठरलेला प्रवास, रोजची तीच माणसे, हातांना काम नाही आणि मध्येच उठून जाण्याची सोय नाही, असा वर्ग शोधून सापडला नसता. मात्र चालत्या गाडीत ऐकलेला मजकूर पाठ होतो, त्याने वाचता येत नाही, हेही लवकरच लक्षात आले. मग टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूल या संस्थेच्या मदतीने आणि शिक्षिका आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने बेटावर एक इमारत घेण्यात आली. तिच्या पुढच्या भागात सहकारी दुकान आणि मागच्या खोल्यांत वर्ग अशी योजना होती, आणि जानेवारी १९५७ मध्ये तिथे पहिला वर्ग सुरू झाला.

शिकवायला बर्निस रॉबिन्सन होत्या. त्या केशरचनेचा आणि शिवणाचा व्यवसाय करत. शिक्षकी पेशाशी त्यांचा संबंध नव्हता, आणि त्यांची निवड होण्याचे तेही एक कारण होते. सुरुवातीला त्यांनी लहान मुलांच्या इयत्तांचे साहित्य सोबत नेले होते, पण समोरची माणसे पाहून ते बाजूला ठेवले आणि तुम्हांला काय शिकायचे आहे, असे सरळ विचारले. लोकांनी उत्तरेही सरळ दिली. कोणाला नाव लिहायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा अर्ज भरायचा होता, कोणाला टपालाने माल मागवण्याच्या सूचीपत्रावरून मागणी नोंदवायची होती, आणि मतदार नोंदणी तर बहुतेकांनाच करायची होती. वर्ग शेतीची कामे थंडावतात त्या हिवाळ्याच्या महिन्यांत, आठवड्यातून दोन रात्री भरत असे. हाच नमुना पुढे ‘सिटिझनशिप स्कूल’ या नावाने दक्षिणेकडच्या राज्यांत पसरला आणि १९६१ मध्ये त्याची जबाबदारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स या नागरी हक्कांच्या संघटनेने घेतली.

पुढचे दुकान गोऱ्या लोकांच्या नजरेपासून मागचा वर्ग झाकण्यासाठी होते, असे या इतिहासात सांगितले जाते आणि ते खरेच आहे. मला मात्र त्या दुकानाचा आणखी एक उपयोग दिसतो. दुकानात शिरणारा माणूस दुकानात शिरत असतो. तो निरक्षर आहे म्हणून आत चालला आहे, असे रस्त्यावरून पाहणाऱ्याला कळायचे काहीच कारण नसते. वाचता न येणारी मोठी माणसे ही गोष्ट किती कसोशीने लपवतात, हे त्यांच्याबरोबर काम केल्याशिवाय ध्यानात येत नाही. चष्मा घरी विसरला, हाताला लागले आहे, घरी जाऊन निवांत वाचतो, अशा सबबी वर्षानुवर्षे तयार असतात, आणि अनेकदा घरातल्यांनाही पूर्ण कल्पना नसते. त्यामुळे ‘प्रौढ साक्षरता केंद्र’ असा ठसठशीत फलक ज्या दारावर आहे, त्या दारातून आत जाणे हीच पहिली परीक्षा ठरते. ज्या जागी जायला माणसाजवळ आधीच दुसरे काही कारण असते, म्हणजे कामाची जागा, कामगार संघटनेचे कार्यालय, वाचनालय, दवाखान्यातली बसायची खोली किंवा मुलांना सोडायला जायचे ठिकाण, तिथे ही परीक्षा टळते. आमच्या गटातही जे फलक पाहून आले त्यांच्यापेक्षा कोणाच्या तरी सोबतीने, ‘सहज’ म्हणून, दाराशी उभे राहिलेले लोक जास्त काळ टिकले आहेत.

शिकवणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर अशा जागेचा सर्वांत मोठा फायदा हा की तिथल्या कामकाजाविषयी शिकणाऱ्याला शिकवणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असते. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांचा एक गट आम्ही त्यांच्या गोदामातल्या विश्रांतीच्या खोलीत चालवतो. तिथे मी एकदा विचारले, की पाचशे पोत्यांपैकी दोनशे पस्तीस उतरली तर गाडीत किती राहिली. माझे वाक्य संपता संपता एका ज्येष्ठ कामगाराने दोनशे पासष्ट हे उत्तर दिले. कसे काढले, असे विचारल्यावर तो म्हणाला, “दोनशे पस्तीसला पाच घातले की दोनशे चाळीस, साठ घातले की तीनशे, आणि वर दोनशे.” मग हीच वजाबाकी मी त्याला वहीवर उभी मांडून दिली. त्याने पेन्सिल मुठीत धरून, ओठ हलवत, तीनशे पस्तीस असे उत्तर लिहिले. हातच्याची भानगड टाळून त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. मला खरा धक्का बसला तो यापुढे. दोन उत्तरे वेगळी आली आहेत, यांतले कोणते बरोबर, असे विचारले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “कागदावरचे बरोबर असेल, बाई.” आयुष्यभर पोती मोजलेल्या माणसाचा स्वतःच्या मोजणीपेक्षा, नीट न समजलेल्या मांडणीवर अधिक विश्वास होता. त्यानंतर आम्ही उभी मांडणी काही काळ बाजूला ठेवली आणि तो तोंडी जे करत होता तेच, पायरी पायरीने, कागदावर उतरवायला लागलो. पाच, साठ, दोनशे. बेरीज दोनशे पासष्ट. हातचा पुढे यथावकाश आला, पण तो त्याच्या मूळ रीतीच्या शेजारी आला, तिला हाकलून देऊन नव्हे.

या अनुभवाला अभ्यासाचाही आधार आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. टेरेझिन्हा कराहर, डेव्हिड कराहर आणि अनालुसिया श्लीमान या संशोधकांनी आधी गिऱ्हाईक होऊन मुलांना हिशेब विचारले, तेव्हा सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर तीच गणिते कोरी आकडेमोड म्हणून समोर ठेवली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. मुले थोडीच होती, त्यामुळे त्या आकड्यांवर फार मोठा इमला चढवू नये. पण जागा बदलली की त्याच डोक्यातले तेच गणित कसे बदलते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा पुरावा मला तरी माहीत नाही.

अक्षरांच्या बाबतीतही जागा स्वतःचे शब्द पुरवते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडील आंगिकोस या गावात सुमारे ३०० कष्टकऱ्यांसाठी चाळीस तासांचा जो प्रयोग केला, त्यात वर्गाला वर्ग न म्हणता ‘संस्कृती-मंडळ’ म्हटले होते आणि सुरुवात लोकांच्या रोजच्या जगण्यातून वेचलेल्या शब्दांनी होत असे. या पद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा शब्द. आधी चित्रावरून विटेविषयी, बांधकामाविषयी, घर कोणाचे आणि मजुरी कोणाची याविषयी बोलणे व्हायचे. मग तो शब्द फोडून त्यातल्या प्रत्येक अवयवाची, म्हणजे उच्चारातल्या तुकड्याची, ‘ता, ते, ती, तो, तू’ अशी माळ तयार व्हायची. आणि मग लोक त्या तुकड्यांपासून स्वतः नवे शब्द जुळवायचे. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली, हे काम थांबले, फ्रेरे यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि त्यानंतर अनेक वर्षे देशाबाहेर काढावी लागली.

बाराखडीत वाढलेल्या आपल्याला ही युक्ती ओळखीची वाटते, आणि देवनागरीत ती सहज बसतेही. आम्ही कामगारांच्या गटात ‘पगार’ या शब्दापासून सुरुवात करतो. प, ग, र ही तीन अक्षरे आणि एक काना, एवढ्या भांडवलावर राग, गार, पार, पारा आणि गारा हे शब्द त्याच दिवशी हाती लागतात. बांधकामावर काम केलेला कोणी असेल तर ‘गारा’ हा शब्द मी सुचवायच्या आत त्याच्याकडून येतो. शिवाय पगार हा शब्द फळ्यावर असला की बोलणे आपोआप सुरू होते: कपात कशाची झाली, जादा कामाचे तास कुठे लिहिले आहेत, पावतीवरचा हा आकडा कसला. अननसावर मोठी माणसे किती वेळ बोलणार?

चाळीस तासांच्या आकड्याने मात्र या क्षेत्राचे थोडे नुकसानही केले आहे, असे मला वाटते. त्या आकड्याचे नंतर ब्रीद झाले आणि अमुक आठवड्यांत साक्षर करून देण्याच्या घोषणा जगभर झाल्या. अक्षरांशी पहिली ओळख चाळीस तासांत होऊ शकते, हे मान्य. पण ओळख आणि वाचन यांत मोठे अंतर आहे. आमच्याकडे येणारी एक बाई सही झोकात करते. पहिल्या काही दिवसांत मी तिच्या नावातला ‘ल’ वेगळा काढून ‘लवकर’ या शब्दात दाखवला, तेव्हा तिला तो ओळखता आला नाही. तिच्या दृष्टीने सही हे एक अखंड चित्र होते; रेषा कुठे वर जाते, कुठे वळते, हे तिच्या हाताला पाठ होते, पण त्या चित्रात अक्षरे आहेत हे तिला कोणी दाखवलेलेच नव्हते. कागदोपत्री ती कधीच साक्षर ठरली असती. देवनागरीत पुढेही अडचणी आहेत: पहिली वेलांटी उच्चारात अक्षराच्या नंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी, रफार उच्चारात आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, जोडाक्षरात ओळखीचे अक्षर अर्धे होऊन अनोळखी दिसते. लहानपणी शिकलेल्यांना या गोष्टी आता दिसतही नाहीत. चाळिशीत शिकणाऱ्याला त्या रोज दिसतात, आणि त्यांच्यासाठी वेळ लागतो.

मोठेपणी हे जमतच नाही, असे मात्र मुळीच नाही. मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शिकलेले होते आणि मोठेपणी वाचायला शिकलेलेही होते. वाचनामुळे मेंदूच्या दृष्टीशी आणि भाषेशी निगडित भागांत होणारे बहुतेक बदल या तिसऱ्या गटातही आढळले. म्हणजे अडसर वयाचा कमी आणि सरावाचा जास्त आहे. वाचण्याचा वेग अगदी कमी असेल, तर वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून निसटून जाते आणि वाचूनही काही कळत नाही. या टप्प्यावर वर्ग बंद पडला, तर मिळवलेले सगळे काही महिन्यांत विरून जाते. पुष्कळ मोहिमा नेमक्या याच टप्प्यावर समारोपाचा कार्यक्रम करतात.

म्हणून वर्गाइतकेच महत्त्व वर्गाबाहेर वाचायला काही आहे की नाही याला आहे, आणि या बाबतीत लायबेरियातल्या वाई लोकांचे उदाहरण मला विलक्षण वाटते. त्यांची स्वतःची लिपी आहे. मोमोलू दुवालू बुकेले यांनी ती १८३०च्या दशकात घडवली आणि तिच्यात प्रत्येक अवयवाला एक याप्रमाणे दोनशेहून अधिक चिन्हे आहेत. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात तिचा अभ्यास केला, तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवली जात होती, कुराणाच्या वर्गांत अरबी शिकवली जात होती, आणि वाई लिपीला मात्र शाळाच नव्हती. एखाद्याला शिकावेसे वाटले की तो मित्राकडे किंवा नातेवाइकाकडे जाऊन बसायचा आणि सवडीने शिकायचा. पत्रे लिहिणे आणि हिशेबाच्या नोंदी ठेवणे एवढाच तिचा वापर होता, पण तो खरा होता, आणि त्या बळावर ती लिपी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. वाई लिपी येणाऱ्यांची सर्वसाधारण बुद्धी वाढली, असे काही या संशोधकांना आढळले नाही. ज्या गोष्टींचा त्या लोकांना सराव होता, म्हणजे समोर नसलेल्या माणसाला एखादी गोष्ट पायरीने समजावून सांगणे, त्यांत मात्र ते सरस ठरले. साक्षरतेने माणसाचे सगळेच बदलते, अशी भाषणे ऐकताना मला हा निष्कर्ष हटकून आठवतो. जे वापरले जाते ते वाढते, इतपतच त्यातून म्हणता येते, आणि कामाच्या नियोजनासाठी तेवढे पुष्कळ आहे.

आता या साऱ्या पर्यायी जागांविषयी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: प्रत्येक जागेला मालक असतो. गोदामातला वर्ग गोदामवाल्याच्या परवानगीने चालतो. त्याला कामगारांनी सुरक्षेच्या सूचना, पोत्यांवरच्या खुणा आणि यंत्रावरचे इशारे वाचावेत असे वाटते, आणि ते योग्यच आहे. कामगारांना मात्र करारनाम्यावर आपण कशाखाली अंगठा उठवला होता, ते वाचायचे असते. युनेस्कोने १९६७ ते १९७३ या काळात अकरा देशांत प्रायोगिक जागतिक साक्षरता कार्यक्रम राबवला, तेव्हा उत्पादनाच्या कामाशी जोडलेली ‘कार्यात्मक साक्षरता’ हे त्याचे सूत्र होते. १९७६ मध्ये त्याचे जे मूल्यमापन प्रसिद्ध झाले, त्यात साक्षरतेला केवळ उत्पादनवाढीचे साधन मानणे अपुरे असल्याची कबुली आहे. माणूस शेतात किंवा यंत्रावर काम करतो म्हणून त्याला शेताविषयी आणि यंत्राविषयीच वाचायचे असते, हे गृहीतक मुळातच थोडे अपमानकारक आहे. आमच्या गोदामातल्या एका तरुणाला पहिल्यापासून क्रिकेटच्या बातम्या वाचायच्या होत्या, आणि त्याची प्रगती सर्वांत वेगाने झाली.

तुरुंगात ही मालकी सर्वांत उघड असते. तिथे वेळ भरपूर असतो असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात मोजणी, बदली, न्यायालयाच्या तारखा आणि मधूनच कोठडीबंदी यांमुळे सलग वर्ग चालवणे कठीण असते. ब्रिटनमधल्या शॅनन ट्रस्ट या संस्थेने यावर काढलेला मार्ग मला फार समंजस वाटतो. वाचता येणारा कैदी न येणाऱ्या कैद्याला शिकवतो, समोरासमोर, एका वेळी सुमारे वीस मिनिटे, पण आठवड्यातले बहुतेक दिवस. शिक्षक बाहेरून येत नाही, म्हणून तो न येण्याचा प्रश्न उरत नाही, आणि शिकणाऱ्याचा कमीपणा चार लोकांसमोर मांडला जात नाही. अमेरिकेतल्या तुरुंगांतल्या शिक्षणाविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण रँड या संस्थेने २०१३ मध्ये केले, तेव्हा शिक्षणात सहभागी झालेल्या कैद्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळली. शिकायला पुढे येणारा कैदी मुळातच वेगळा असू शकतो, ही शंका अशा आकड्यांना चिकटलेलीच असते. तरीही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वेळेविषयी थोडक्यात लिहिते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासून, आणि इतरत्र त्याच्याही आधीपासून, मोठ्यांचा वर्ग म्हणजे रात्र हे समीकरण रूढ आहे. रात्र सगळ्यांना सोयीची नसते. बाळ असलेल्या बाईला, पाळीत काम करणाऱ्याला आणि ज्याला रात्री डोळ्यांनी कमी दिसते त्याला ती सोयीची नसतेच. यापेक्षा मोठा मुद्दा गैरहजेरीचा आहे. मोठा माणूस आजारपण, काम, प्रवास आणि घरातली कार्ये यांमुळे गैरहजर राहणारच. कालच्या धड्यावर आजचा धडा आणि आजच्यावर उद्याचा, अशी रचना असेल, तर आठवडाभराच्या खंडानंतर परत आलेल्या माणसाला आपण मागे पडलो हे पहिल्या पाच मिनिटांत कळते आणि तो पुन्हा येत नाही. म्हणून प्रत्येक बैठक आपापल्या पायांवर उभी राहील अशी आखावी लागते: एक शब्द, एक छोटा मजकूर, एक हिशेब, आणि ज्याची जिथवर तयारी आहे तिथून त्याला धरता येईल असे काम. हे लिहायला सोपे आणि करायला जिकिरीचे आहे. दर वेळी चार पातळ्यांची तयारी करावी लागते, आणि मानधनावर किंवा मानधनाशिवाय राबणाऱ्या कार्यकर्त्याकडून ती अपेक्षा ठेवताना त्याला तयारीचे तास मोजून द्यायला बहुतेक संस्था विसरतात.

प्रमाणपत्राबद्दल या क्षेत्रात दोन टोकाची मते आहेत. एका बाजूला परीक्षेला बसवल्याशिवाय शिकले असे मानायलाच तयार नसलेले लोक आहेत; दुसऱ्या बाजूला परीक्षेचे नाव काढले तरी नाक मुरडणारे. मी पूर्वी दुसऱ्यांच्या जवळ होते, आता नाही. अमेरिकेत जीईडी ही शालेय शिक्षणाशी समकक्ष मानली जाणारी परीक्षा १९४२ मध्ये सैन्यात गेल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी तयार झाली, आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली, कारण तिची गरज फार मोठ्या संख्येने लोकांना होती. फिलिपाइन्समध्ये तर औपचारिक शाळेला समांतर अशी ‘पर्यायी शिक्षण व्यवस्था’ सरकारी शिक्षण विभागच चालवतो, डिसेंबर २०२० मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि तिथली परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला प्राथमिक किंवा माध्यमिक स्तर पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते. ज्याला चालकाचा परवाना, बढती किंवा पुढचा अभ्यासक्रम हवा आहे, त्याला कागद लागतो, आणि ज्यांच्याजवळ कागद आधीपासून आहेत त्यांनी त्याला कागदाची निरर्थकता समजावून सांगणे बरे दिसत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की जो केवळ नातवंडाला गोष्ट वाचून दाखवायला शिकतो आहे, त्यालाही त्याच परीक्षेच्या रांगेत उभे करू नये.

यातूनच गळतीचा प्रश्न येतो. अनुदान देणारे विचारतात, की वर्षाच्या सुरुवातीला नोंदवलेल्यांपैकी शेवटी किती उरले, आणि जे उरले नाहीत ते सगळे ‘गळती’ या शब्दाखाली जातात. त्या यादीत खरोखर कंटाळून गेलेले असतात, अपमान वाटून गेलेले असतात, काम सुटून दुसरीकडे गेलेले असतात. आणि काही असे असतात ज्यांचे काम झालेले असते. औषधाच्या पाकिटावरची नावे आणि दिवसातून किती वेळा घ्यायचे ते वाचायला आलेली एक आजी ते जमू लागल्यावर येईनाशी झाली. आमच्या अहवालात ती गळती म्हणून मोजली गेली. त्यानंतर आम्ही नोंदवहीत एक रकाना वाढवला: आलेल्या माणसाने पहिल्या भेटीत स्वतःहून सांगितलेले कारण, त्याच्याच शब्दांत. माणूस यायचा थांबला की गटातले कोणीतरी त्याला भेटून तेवढेच विचारून येते, की ते काम जमते आहे का. अहवालाच्या नमुन्यात या रकान्याला अजून जागा मिळालेली नाही. तूर्तास आम्ही त्याचे स्वतंत्र पान जोडून पाठवतो.